कोरडा व्हाळ

“मॅडम, निवड करायच्या आधी तुम्ही आमचे लेख वाचता तरी का?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि रक्षाने डोळे गच्च मिटून घेतले. शेजारी नेत्रा आणि शिल्पा एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत होत्या. पैज त्यांचीच. ‘विचारलंस तर आठवडाभर बसमधली माझी खिडकी तुझी,’ असं नेत्रा म्हणाली होती, आणि तिच्या मते रक्षाची हिंमत होणारच नव्हती.

शाळा सुटल्यावर तिघी बसथांब्यासमोरच्या दुकानाच्या पडवीत बसल्या होत्या, कारण रेंज तिथेच टिकायची. ‘पानवेल’ या लेखनाच्या अ‍ॅपच्या संपादक मनीषा मॅडम महिन्यातून एकदा लिहिणाऱ्यांशी मोबाइलवर बोलत. ‘पानवेल’वर मराठीत कुणीही लिहावं, पण दर रविवारी पाचच लेख निवडले जात, त्यांच्यावर एक सोनेरी पान लागे आणि मग ते सगळ्यांच्या मोबाइलवर सर्वांत वर दिसत. उरलेले बुडत. रक्षाचे अकरा लेख बुडाले होते. शेवटचा ‘माझे जंगल’ नऊ जणांनी वाचला होता, आणि त्या नवांत या तिघी होत्याच.

पलीकडे मॅडम हसल्या.

“वाचते, रक्षा. तुझं ‘माझे जंगल’सुद्धा वाचलं. त्यात झाडं आहेत, पण एकाही झाडाला नाव नाही. एक माणूस जंगलात जातो, पण कुठे जातो? कोणता माणूस? ज्याला ‘कुठे’ सांगता येतं ना, त्याच्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसेल, असं काहीतरी लिही.”

“खिडकी गेली माझी,” नेत्रा पुटपुटली.

“गप गं,” शिल्पा म्हणाली. “लेखिकाबाई विचारात पडल्यात.”

रक्षा खरंच विचारात पडली होती. बसमध्ये मिळालेल्या खिडकीतून तिने बाहेर पाहिलंसुद्धा नाही.

तिची वाडी कानडी मुलखात, अणशीच्या अलीकडे, रस्ता सोडून दोन मैल आत. घरं आठ. शाळा कानडी, पण रक्षाची आई शांता खानापूरकडची, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तिनेच चुलीपुढे बसवून रक्षाला मराठी लिहायला शिकवलं होतं. स्वतःशिवाय कुणालाच ठाऊक नसलेलं असं जे काही रक्षाजवळ होतं, ते तिच्या थोरल्या काकाचं, लखूचं होतं.

लखूकाका दर वर्षी चैत्र सरता सरता मधाला जायचा. एकाच झाडाला. कोयता, दोरी, ओल्या पाल्याची चूड आणि पितळेची घागर घेऊन पहाटे निघायचा, आणि वाडीतलं कुणीही त्याला कुठे चाललास असं विचारायचं नाही. जंगलात निघालेल्या माणसाला तसं विचारायचं नसतं. विचारलंच, तर तो माघारी येतो, पाटावर टेकतो, तांब्याभर पाणी पितो आणि थोड्या वेळाने पुन्हा निघतो. रक्षा पाच वर्षांची असताना तिने विचारलं होतं. काकाने काही न बोलता घागर खाली ठेवली, पाणी प्यायला आणि तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला होता, “हितंच.” पुढे ती दहा वर्षांची झाल्यावर एकदा हट्ट करून ती त्याच्यामागे गेलीही होती.

तेच तिने लिहिलं. तीन दिवस लिहीत होती. काका धूर कसा देतो, माश्यांना ‘बायांनो, सरा जरा’ कसं म्हणतो, पोळ्याचा तिसरा हिस्सा कसा सोडून येतो, सगळं. आणि ‘कुठे’ लिहिलं. वाडीच्या मागून निघायचं, तीन व्हाळ, म्हणजे ओढे, ओलांडायचे, हत्ती बसल्यासारखा काळा खडक लागतो, त्याच्या उजव्या हाताला सावरीचं झाड, त्याच्यावर अठरा पोळी. काकाचं नावही घातलं. खरं तर ‘लखू’ लिहिताना तिला जो अभिमान वाटला, तो स्वतःचं नाव लिहितानाही वाटला नव्हता.

दुसऱ्याच रविवारी सोनेरी पान आलं.

सोबत मॅडमचं पत्र होतं: अभिनंदन, हाच तो ‘कुठे’. खाली बारीक अक्षरांत नियम होता. हा लेख खरा अनुभव म्हणून निवडला आहे. मजकूर रचलेला निघाल्यास लेख उतरवला जाईल आणि त्या नावाचं लेखन पुन्हा निवडीसाठी घेतलं जाणार नाही. रक्षाने तो नियम शिल्पाला मोठ्याने वाचून दाखवला, कारण त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. शब्द न् शब्द खरा होता.

आठवडाभरात बावीस हजार जणांनी लेख वाचला. बाबांनी, म्हणजे गणपतीने, बसच्या कंडक्टरला मोबाइल दाखवला. शाळेत कानडीच्या सरांनी तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. रक्षा चालायची तीच वेगळी चालायला लागली. आई म्हणाली, “पाय जमिनीवर टेकव गं बाई, भाताचं मडकं फोडशील.” पण म्हणताना ती हसत होती.

चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात लखूकाका पहाटे निघाला तो ऊन चढायच्या आत परत आला. घागर रिकामी होती. अंगणात त्याने दोरी ठेवली, कोयता ठेवला आणि पाटावर टेकला. कुणी पाणी दिलं नाही तरी बराच वेळ तो तसाच बसून राहिला.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“जाळली,” काका म्हणाला. “सावर बुंध्यापासनं जाळली. पोळी पडली हाईत खाली. एक बी सोडलं न्हाई.”

“कुणी?”

काकाने मान हलवली. “बुटांचे ठसे हाईत. वाडीतलं कोण बूट घालतंय?”

रक्षा दारातच उभी होती. तिचे कान तापले. आत जाऊन तिने मोबाइल चार्जिंगवरून काढला आणि दप्तराच्या तळाशी, पुस्तकांच्या खाली घातला.

तिसऱ्या दिवशी नागराज आला. जंगलखात्यातला गार्ड, पण इथल्याच बाजूचा, लखूकाकाला मामा म्हणणारा. त्याच्या हातात कागद होते. वरच्या कागदावर ते सोनेरी पान काळं होऊन उमटलं होतं.

“मामा, बसतो जरा,” तो म्हणाला. “साहेब बेळगावकडचे. मराठी वाचतात. कुणीतरी त्यांना हे पाठवलंय. ह्यात तुमचं नाव हाय, झाड हाय, दर वर्षी जाता ते बी हाय.”

“मी जाळली न्हाई रे.”

“मला म्हाईत न्हाई व्हय ते? पण पंचनामा झालाय. चौथ्या व्हाळापल्याड, मोठ्या धोंड्याला लागून सावर, असं मी सांगितलं ते लिहून साहेबांनी सही केली. आणि हितं लिहिलंय की त्या झाडाला तुमीच जाता. दुसऱ्या कुणाचं नावच न्हाई कुठं. मी काय करू, सांगा?”

“काय करतील?” आईने आतून विचारलं.

“केस घालतील. राखीव जंगल हाय ते.” नागराजने चहाची कपबशी खाली ठेवली. चहा तसाच होता. “सोमवारी जोयड्याला कचेरीत या. गणपतीदादांना पण आणा. मी बघतो, पण माझ्या हातात काय हाय?”

जाताना त्याने रक्षाकडे पाहिलं. रागाने नाही. “चांगलं लिवतीस, तंगी,” तो म्हणाला, आणि त्या ‘तंगी’ म्हणण्याने रक्षाला दोन थोबाडीत बसल्यासारखं झालं. धाकटी बहीण म्हणाला होता तो तिला.

बाबा गोठ्याकडे गेले. आई आत भांडी आपटत राहिली. नागराज एक प्रत ठेवून गेला होता. लखूकाकाने ती उचलली, उलटी धरली, मग सुलटी धरली. त्याला वाचता येत नव्हतं.

“ये हिकडं,” तो म्हणाला. “वाच.”

“काका...”

“अगं वाच की. बावीस हजार लोकांनी वाचलं म्हणं. माझ्याबद्दल हाय आणि मीच न्हाई ऐकलं.”

ती त्याच्यासमोर पायरीवर बसली. मग वाचायला लागली. पितळेची घागर आली, ओल्या पाल्याचा धूर आला. माश्यांना ‘बायांनो, सरा जरा’ म्हणणं आलं तेव्हा काकाने ओठ हलवले, अगदी तसेच, तिच्यासोबत. तिसरा हिस्सा सोडण्याचं वाचलं तेव्हा त्याने मान डोलावली.

पुढचा परिच्छेद गाळावा असं तिला वाटलं. पण काकाची नजर कागदावर होती, जणू त्याला ओळी मोजता येत होत्या.

“वाडीच्या मागून निघायचं,” ती वाचू लागली, “तीन व्हाळ ओलांडायचे...”

“चार.”

“काय?”

“चार गं. तीन न्हाई.” काकाने कोयत्याच्या टोकाने अंगणातल्या मातीत चार रेघा ओढल्या आणि दुसऱ्या रेघेवर टोक ठेवलं. “ह्यो कोरडा असतोय. पाऊस संपला की नुसता पालापाचोळा. परक्या माणसाला दिसत न्हाई, तो ओलांडून जातो आणि त्याला कळत बी न्हाई. आपली माणसं कोरडा व्हाळ बी मोजतात.”

रक्षा त्या चार रेघांकडे बघत राहिली. ती काकामागून चालली होती, पाय त्याच पाचोळ्यात घातला होता. तरी तिने तीनच मोजले. बूट घालून आलेल्यांनीही तीनच मोजले असणार. तिने परक्यासारखं मोजलं होतं, म्हणून परक्यांना वाट सापडली.

“पुढं वाच.”

“संपलं, काका.” अजून अर्धं पान उरलं होतं.

“बरं लिवलंस,” तो म्हणाला. “माझा आवाज येतोय त्यात. मी मेल्यावर बी कुणी वाचलं तर मी बोलतोय असंच वाटंल.”

त्याने पायाने मातीतल्या रेघा पुसल्या, तीन दिवस अंगणातच पडलेली घागर उचलली आणि आपल्या घराकडे गेला. घागर त्याने दर वर्षीच्या जागी ठेवली नाही. माळ्यावर, गोणपाटाच्या मागे ढकलून दिली. रक्षाने पायरीवरून, त्याच्या उघड्या दारातून पाहिलं.

रविवारी दुपारी ती बसथांब्यावर गेली. दुकान बंद होतं. पडवीत एकटी बसून तिने लेख उघडला. एकतीस हजार. खाली कुणी नागपूरहून, कुणी थेट दुबईहून लिहिलं होतं की लखूकाकांना आमचा नमस्कार सांग. एकाने विचारलं होतं, पोळी उतरली का यंदा? मनीषा मॅडमचाही निरोप होता: दर महिन्याला असाच एक ‘कुठे’ लिहिशील का, तुझ्यासाठी वेगळी जागा ठेवते. ती शेवटची ओळ रक्षाने पाच वेळा वाचली. तो नियमही काढून पुन्हा वाचला. मग मॅडमना एक पत्र लिहायला घेतलं आणि पुरं केलं, पण पाठवलं नाही. आधी घरी सांगायला हवं होतं.

ती परतली तेव्हा आई तांदूळ निवडत होती आणि बाबा दाराजवळ बसून उद्या घालायचा सदरा दोन्ही हातांनी ताणून सुरकुत्या काढत होते. चप्पल न काढता रक्षा दारात उभी राहिली.

“उद्या मी बी जोयड्याला येणार,” ती म्हणाली.

“तुझं काय काम तिथं?” बाबांनी सदऱ्यावरून नजर काढली नाही. “शाळेत जा तू.”

“साहेबांना सांगणार, ते सगळं मी रचलं म्हणून. काका मधाला कधी गेलाच न्हाई. मी ते झाड बघितलंच न्हाई.”

आईचा हात सुपात थांबला. “आणि ते तुला खरं मानतील?”

“मानतील. लेखात तीन व्हाळ हाईत, त्यांच्या पंचनाम्यात चार.” रक्षाचा आवाज चिरकला, तिने तो सावरला. “गेलेली असते तर चारच लिहिले असते ना? हितल्या पोरीला व्हाळ मोजता येत न्हाई व्हय?”

बाबांनी आता वर पाहिलं.

“आणि तुझं ते पान?” आईने हळूच विचारलं. “सोन्याचं?”

“मॅडमना पत्र लिहून ठेवलंय. उद्या बस थांब्याला लागली की पाठवणार.” तिने पायातली चप्पल काढून भिंतीला नीट लावून ठेवली. “त्यांना बी तेच सांगितलंय. की असलं झाड न्हाई, आणि असला माणूस बी न्हाई.”