पिवळ्या दारातली किल्ली

लांबीला वीतभर, वजनाला हातोडीएवढी आणि आता काहीच न उघडणारी अशी मी एक किल्ली आहे, मित्रांनो. पोर्तुगालच्या डोंगरातल्या उर्झाल गावी एका लोहाराने मला घडवले, ते टेकडीवरच्या लहानशा चॅपेलसाठी, म्हणजे प्रार्थनाघरासाठी.

मी चॅपेलमध्ये मात्र कधी राहिले नाही. आमच्याकडची रीतच तशी. किल्ली जवळच्या घरी असते आणि पाहुण्याने दार वाजवून ती मागायची. ते घर होते पिवळ्या दाराचे, देओलिंडाबाईंचे; गाव त्यांना मानाने 'दोना' देओलिंडा म्हणे. त्यांचे पती वारले होते. मुलगा फाउश्तो फ्रान्सला बांधकामावर. त्यांच्या दारी जे कोणी येई, ते माझ्यासाठीच येई. प्रवाशांच्या पुस्तकांत तसे छापलेलेच होते: किल्ली पिवळ्या दारी मागावी.

पण मागितली की लगेच देतील, तर त्या देओलिंडा कसल्या!

"आधी बसा. जेवलात का? दोननंतर गावात कुणी वाढणार नाही, सांगून ठेवते. खानावळीत कोबीचं सूप घ्या. मासा नको, मासेवाला शुक्रवारी येऊन गेला. गाडी अंजिराच्या झाडाखाली लावलीत ना? मग पिकली फळं पडून काचेचं काय होईल ते मला विचारायचं नाही!"

कोणी इथे राहायलाच आलेले असले तर आणखी ऐकावे लागे. "चढावरचं घर घेऊ नका, थंडीत ऊन दिसायचं नाही. आणि जळण ऑगस्टातच भरा. नंतर मागाल तर ओली लाकडं गळ्यात मारतो मेला लाकूडवाला!"

शेवटी माझी पाळी येई. "जरा उचलून फिरवा हं. जोर केलात तर अडून बसते, आमच्या ह्यांच्यासारखी."

मला राग येई, पण खोटा. पाहुणे मला परत करायला येत, तेव्हा कॉफी तयार असे. घर तासभर बोलके होई.

मग एक दिवस तरुण नगराध्यक्ष नेलियो हसत आला. "मावशी, सुटलात एकदाच्या! चॅपेलला आपोआप उघडणारं दार बसवलंय. आता तुमची उठबस संपली."

"मी कधी तक्रार केली का रे?"

"छे हो! पण या वयात आराम नको?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हते. म्हणूनच त्याच्यावर धड चिडताही येईना. नव्या दाराच्या समारंभाला देओलिंडा गेल्या, त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

त्यानंतर दार वाजेनासे झाले. त्या रोज मला तेल लावून पुसत आणि दाराजवळ खुर्ची ओढून बसत. एकदा वाऱ्याने खिडकी आपटली, तर "आले, आले" म्हणत उठल्या. माझे काळीज तुटले, मित्रांनो.

पुढे शरदात पोर्तोची एक बाई आणि तिची मुलगी आली. हातात प्रवाशांचे तेच जुने पुस्तक. देओलिंडांनी त्यांना सूप, मासा, अंजीर सगळे सांगितले आणि मला त्यांच्या हाती दिले. वर चॅपेल उघडेच होते. दाराला मला घालायला भोकसुद्धा नव्हते. तरी त्या मला परत द्यायला आल्या.

"अडली नाही ना ही?" देओलिंडांनी विचारले.

"पण दार तर..." मुलगी बोलू लागली. आईने तिचा हात दाबला. "थोडी अडली. मग तुम्ही म्हणालात तशी उचलून फिरवली."

"सांगत नव्हते मी!" देओलिंडा हसल्या. कॉफी झाली, गप्पा झाल्या. त्या दोघी गेल्यावर त्यांनी मला एप्रनच्या खिशात घट्ट धरून ठेवले. "चांगली माणसं गं," त्या मला म्हणाल्या आणि रडल्या.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. फाउश्तो आला, खूप रडला आणि घर पाहुण्यांना भाड्याने देऊ लागला. मला त्याने भिंतीवर शोभेला टांगले. पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढतात. पिवळ्या दाराशेजारी आता एक पेटी आहे. आकडे दाबले की तिच्यातून घराची किल्ली मिळते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: 'कोणालाही भेटावे लागत नाही.'

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. लोखंडाचे काय, ते टिकते. पण अनोळखी गावी गेलात तर एखादे दार वाजवा. मागायला काही नसेल तर वाट विचारा. ठाऊक असली तरी विचारा.