तीन पुस्तकं आणि तेरची पांढरी

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशी गावच्या वाचनालयात जगाचा इतिहास आला तो गोणपाटात शिवून, टपालानं. पुण्याच्या एका पुस्तकवाल्यानं तीन पुस्तकं पसंतीला पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती: एक ठेवून घ्या, उरलेली दोन महिन्यांत परत करा.

१९५८ साल होतं. जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि नव्या राज्याबरोबर शाळेत नवा अभ्यासक्रम आला होता. शिवकांता गावातल्या मुलींच्या शाळेत सातवीला शिकवायची. तिचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या अमलातलं. आसफजाही घराण्यातली नावं तिला क्रमानं पाठ होती, इंग्लंडच्या राजांचीही होती. पण रोम कधी बुडालं, चीनमध्ये कोण नांदत होतं, इजिप्तमध्ये ते दगडांचे डोंगर कुणी रचले, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आता तेच तिला शिकवायचं होतं.

वाचनालयाचे अध्यक्ष महालिंगप्पा कापडाचे व्यापारी होते. पुस्तकांचा त्यांना आदर होता, वाचायला सवड नव्हती. ते म्हणाले, "बाई, पसंती तुम्हीच करा. जोडीला विष्णुपंतांना घ्या. पुस्तक मात्र असं निवडा की कपाटात शोभलं पाहिजे."

विष्णुपंत म्हणजे तहसील कचेरीत बत्तीस वर्षं दफ्तर सांभाळून घरी बसलेले गृहस्थ. मोडी, उर्दू आणि कामापुरती फारसी त्यांना यायची. जगाच्या इतिहासाचा आणि त्यांचा संबंध शिवकांताइतकाच होता, म्हणजे नव्हताच.

आठवडाभर शिवकांता शाळा सुटल्यावर वाचनालयात बसून तिन्ही पुस्तकं वाचत राहिली. पहिलं चांगलं जाडजूड, पाठीवर सोनेरी अक्षरं, आत रंगीत चित्रं. दुसरं परीक्षेला बसणाऱ्यांसाठी काढलेलं, सगळं प्रश्नोत्तरांत. तिसरं पातळसं, खरखरीत कागदाचं. चित्र एकही नाही, उलट पानोपानी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टिपा. लिहिणारे पुण्याचे कुणी प्राध्यापक करंबेळकर.

वाचून तिचं डोकं गरगरायला लागलं. इजिप्तच्या पिरॅमिडवर एक लाख गुलाम राबले असं पहिलं पुस्तक ठणकावून सांगत होतं. दुसरं म्हणत होतं, तीन लाख. तिसऱ्यात लिहिलं होतं, "एक लाख हा आकडा एका प्रवाशानं ऐकून लिहून ठेवला, तोही पिरॅमिड उभे राहिल्यावर दोन हजार वर्षांनी. खरा आकडा आपल्याला माहीत नाही."

दोन हजार वर्षांनी! ती त्या शब्दांवर थांबली. तो प्रवासी तिला फार फार जुना वाटला होता. आणि त्याच्याही दृष्टीनं ते पिरॅमिड जुनेपुराणेच होते. हिशेब डोळ्यांसमोर आणायला गेली तर खोल विहिरीत वाकून बघतोय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही पुस्तकं घेऊन ती विष्णुपंतांच्या ओसरीवर गेली.

"पंत, मी इजिप्त बघितलेला नाही, रोम बघितलेलं नाही. तिघं तीन गोष्टी सांगतात. मी खरं कुणाचं मानू?"

विष्णुपंतांनी चष्मा पुसला. "मी तरी कुठं बघितलंय? पण कागद लई बघितलेत, बाई. बांधावरनं भांडण लागलं की दोन्हीकडचे लोक जुने कागद घेऊन यायचे. प्रत्येकाचा कागद खराच असायचा म्हणे. मग मी तीन गोष्टी विचारायचो. लिहिणारा स्वतः तिथं हजर होता का? नव्हता, तर त्यानं कुणाच्या कागदावरनं उतरवलं? आणि असं लिहिण्यात त्याचा काही मतलब होता का?"

"आणि हे जगाला लावायचं?"

"जग म्हणजे तरी काय, मोठं शिवारच की. आणा इकडं."

तो सगळा रविवार दोघं ओसरीवर बसून होते. जाड पुस्तकात रोमचा एक सम्राट राणीशी एकांतात काय काय बोलला ते दीड पान दिलं होतं. विष्णुपंतांनी ते मोठ्यानं वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. "खोलीत दोघंच होते म्हणतोय. मग हा लेखक काय पलंगाखाली होता?"

शिवकांता इतकी हसली की आतून पंतांच्या सूनबाई, प्रमोदिनी, बघायला बाहेर आल्या.

दुसऱ्या पुस्तकाचा निकाल त्याहून लवकर लागला. त्यात पैठण कृष्णेच्या काठी वसवलं होतं. विष्णुपंत म्हणाले, "शेजारची गोदावरी ज्याला सापडत नाही, त्याच्या हातात चीनच्या नद्या कशाला द्यायच्या?"

तिसरं पुस्तक मात्र ते टिपांवर बोट ठेवून वाचू लागले. दर टिपेत कुठली गोष्ट कुणाच्या ग्रंथातून घेतली, तो माणूस कधीचा, त्याच्या उलट कोण काय म्हणतो, सगळं मांडलेलं होतं. मध्येच एका पानावर ते बराच वेळ अडकले. कागद करायची विद्या चीनमधून निघाली, समरकंदात पोचली, तिथून बगदादला आणि मग सगळीकडं गेली, असं तिथं लिहिलं होतं. विष्णुपंतांनी पानाचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळला.

"बत्तीस वर्षं," ते म्हणाले, "ह्याच्यावरच जगलो. आणि हा आला कुठनं, ते मला कधी विचारावंसं वाटलं नाही."

शिवकांता तोवर पुढं वाचत होती. अचानक तिनं पंतांच्या हाताला हात लावला. एरवी तिनं असं कधी केलं नसतं.

"पंत, हे ऐका. 'एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशानं हिंदुस्थानच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. तो म्हणतो, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तिथलं कापड गाड्यांमधून बिनरस्त्याच्या मुलखातून बंदरावर येतं आणि जहाजांनी जातं. बरेच विद्वान तगर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातलं तेर असं मानतात. दिशा नीट जुळत नाही म्हणून काहीजण दुसरी गावं सुचवतात. मी स्वतः तेर पाहिलेलं नाही. आज तिथं वस्ती नसून पांढऱ्या मातीची ओसाड टेकाडं उरली आहेत.'"

"तेर?" विष्णुपंत म्हणाले. "आपलं तेर?"

ते उठून ओसरीच्या कडेला गेले आणि बोटांवर मोजू लागले. "ओझ्याची गाडी दिवसाला पाच-सहा कोस जाते. पैठण तेरपासून पन्नास-साठ कोस. दहा दिवस बरोबर लागतात, बाई! दिशा मात्र पूर्व नव्हे, आग्नेय." मग वळून म्हणाले, "पण हे घरात बसून ठरायचं नाही. मौक्यावर, त्या जागी जाऊन बघायला पाहिजे."

पुढच्या रविवारी पहाटेच्या मोटारीनं दोघं येडशीला गेले आणि तिथून लातूरकडं जाणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीत बसले. गाडी इतकी सावकाश चालली होती की रुळाकडेच्या शेतातल्या बायका डब्यातल्या बायकांशी बोलत होत्या. तेरला उतरून चालत गावात शिरले तर समोर बाजारपेठ, देवळं, गुरंढोरं, तालमीतून निघालेली पोरं आणि चहाचं दुकान. गाव नुसतं गजबजलेलं होतं.

विष्णुपंतांनी चहा बशीत ओतला. "पुस्तकात हे गाव ओसाड आहे. आणि चहा तर गरम लागतोय."

शिवकांताला हसू आलं नाही. तिला फसवल्यासारखं वाटलं. सगळ्यांत खरं वाटलेलं पुस्तकही चुकलेलंच. मग इतर पानांचं काय? समरकंदाचं काय? खलाशाचं काय?

चहावाल्यानं सांगितलं, जुनं काही बघायचं असेल तर नदीच्या अंगाला सारजाबाईच्या रानात जा. सारजाबाई पन्नाशीची, उन्हानं काळवंडलेली शेतकरीण होती. तुरीच्या शेतात खुरपत होती. कशासाठी आलात हे कळल्यावर ती उठली आणि पायानं ढेकूळ फोडून दाखवलं. मातीत खापराचे तुकडे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, निळा मणी.

"ही सगळी पांढरी हाय, बाई, जुन्या गावाची माती. नांगर घातला की ह्येच निघतंय. माझा सासरा म्हणायचा, आपल्या खाली गाव हाय, त्येच्या खाली अजून गाव हाय. लई जुनं. पाऊस झाला की वर येतंय."

"मावशी, कधी काही वेगळं सापडलं का?"

सारजाबाईनं जरा विचार केला. मग झोपडीत जाऊन हळदीच्या डबीतून एक भाजलेल्या मातीची चकती आणली. रुपयाएवढी, वर दोरा ओवायला भोक. "नात गळ्यात घालती. म्या म्हनलं, हरवंल, म्हनून ठिवली. ह्यो मानूस कोन, आमाला न्हाय ठावं. आपल्याकडचा न्हाय, यवढं खरं."

शिवकांतानं चकती तळहातावर घेतली. एका बाजूला माणसाचा चेहरा होता, बाजूनं दिसणारा. सरळ लांब नाक, आखूड केस, डोक्याभोवती पानांचा वेढा. तिनं तो चेहरा आधी पाहिला होता. जाड पुस्तकातल्या रंगीत चित्रांत रोमचे राजे असेच होते.

चकती हातात धरून तिनं वर पाहिलं. समोर तेरणा नदी संथ वाहत होती, पलीकडं कुणी बैल धूत होतं. याच मातीतलं कापड गाड्यांत भरून पैठणला, तिथून डोंगर उतरून बंदराला, आणि मग समुद्रापार गेलं असेल. आणि तिकडून एका राजाचा चेहरा चालत इथपर्यंत आला असेल. इथल्या कुणा कुंभारानं तो मातीत दाबला, कुणा बाईनं गळ्यात घातला. एकोणीसशे वर्षं तो जमिनीत पडून होता आणि आता सारजाबाईची नात तो तसाच गळ्यात घालत होती. जग दूर कुठं तरी घडतं आणि आपण ते पुस्तकातून ऐकायचं, असं तिला आजवर वाटत आलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"बया, रडताव कशापायी?" सारजाबाई घाबरली. "पायजे आसंल तर घ्या की ती."

"नाही मावशी. ती तुमची आहे. जपून ठेवा. कुणाला विकू नका."

विष्णुपंतांनी खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. चकतीवर कागद ठेवून अलगद घासली तसा तो चेहरा कागदावर उमटला. असे दोन ठसे घेतले. खाली त्यांनी जुन्या सवयीनं गाव, तारीख, ठिकाण आणि सारजाबाईचं नाव लिहिलं, आणि शेवटी स्वतःची सही केली.

परतीच्या गाडीत शिवकांता म्हणाली, "पुस्तक चुकलं आणि खरंही निघालं. आता काय ठरवायचं?"

"लिहिणाऱ्यालाच विचारा," विष्णुपंत म्हणाले.

तिनं प्रकाशकाच्या पत्त्यावर करंबेळकरांना पत्र लिहिलं. तेर ओसाड नाही, तिथं आम्ही चहा घेतला, असं स्पष्ट लिहिलं आणि पेन्सिलीचा एक ठसा जोडला. एवढ्या मोठ्या माणसाला खेड्यातल्या बाईनं चूक दाखवली म्हणून राग येईल, असं तिला वाटत राहिलं.

अठरा दिवसांनी उत्तर आलं. वाचनालयाच्या समितीच्या बैठकीत तेरची हकिकत सांगून तेच तिनं उभं राहून वाचून दाखवलं.

"'आपलं म्हणणं बरोबर आहे. ओसाड टेकाडांची गोष्ट मी एका जुन्या लेखावरून घेतली आणि खात्री न करता लिहिली. ही माझी चूक झाली. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन आणि दुरुस्ती कुणी सुचवली तेही छापीन. ठसा पाहून मी दिवसभर दुसरं काही करू शकलो नाही. तो रोमन नाण्यावरून इथंच केलेला दागिना असावा. पण मी नाण्यांचा जाणकार नाही, म्हणून तो एका जाणकारांकडं पाठवला आहे. त्यांचं मत माझ्या उलट आलं तर तेही आपल्याला कळवीन.'"

महालिंगप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे स्वतःच कबूल करतोय की चुकलो, आणि पुढंही खात्री न्हाय म्हणतोय. असलं पुस्तक घ्यायचं? सोनेरी अक्षरांचं काय वाईट हाय?"

"सोनेरीवाल्यालाही मी पत्र लिहिलं होतं," शिवकांता म्हणाली. "सम्राट राणीशी बोलला ते तुम्हाला कुठं मिळालं, एवढंच विचारलं होतं. उत्तर नाही."

विष्णुपंत उठले. "शेठ, माझ्या नोकरीत हजारो कागद हातातून गेले. पण मी चुकलो, मला दुरुस्त करा, असं म्हणणारा कागद एकसुद्धा नव्हता. हा पहिलाच. माझं मत बाईंच्या बाजूनं."

महालिंगप्पांनी हात पुढं केला. "ते मुखडं दाखवा बघू." शिवकांतानं दुसरा ठसा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

"आणि ह्यो माणूस आपलं कापड नेसायचा?"

"नेसायचा की नाही, माहीत नाही," शिवकांता म्हणाली. "पण त्याच्या गावापर्यंत आपलं कापड जात असावं."

"कापड," महालिंगप्पा स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरच्या आठ्या गेल्या होत्या. "पातळ पुस्तक ठेवा. आणि आधी मला द्या, मग शाळेत न्या."

पुस्तक शाळेत पोचायला पुढं तीन आठवडे लागले. सोमवारी पहिल्या तासाला शिवकांतानं सातवीच्या मुलींसमोर ते उघडलं. पहिला धडा पृथ्वी निवल्यावर माणूस कसा आला याचा होता. पहिलं वाक्य तिनं सावकाश वाचलं. मुली लिहून घेऊन पाठ करायला सरसावल्या होत्या. तिनं त्यांना वह्या खाली ठेवायला सांगितल्या. मग ती वाचत गेली, मध्ये मध्ये थांबून तळाच्या टिपाही वाचत गेली, आणि घंटा झाली तेव्हा जागेवरून कुणीच उठलं नाही.