ती कळ माझी नव्हती

मी कळलावी बोलतेय. नाव ऐकून जरा मागे सरकलात ना? सरका, मला सवय आहे. माझं फूल दिसलं की तुम्ही आधी "काय सुंदर!" म्हणता आणि नाव कळलं की पुढे केलेला हात मागे घेता. घराघरांत भांडणं लावत फिरणाऱ्या बाईलाही तुम्ही माझंच नाव देता. मला कधी विचारलंत?

माझा जन्म पनवेलच्या बाहेर, पळस्प्याच्या वाटेवर, रंभाबाईच्या भातशेताच्या कुपणातला. जमिनीखाली नांगरासारखा वाकडा कंद. पाऊस लागला की त्यातून कोंब येतो आणि श्रावणात फुलं. फूल तोंड खाली घालून असतं, पाकळ्या मात्र वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक. एकटीनं उभं राहणं मला जमत नाही. माझ्या पानाचं टोक लांब होत जातं आणि जवळ जे सापडेल ते धरून ठेवतं.

एकोणनव्वद सालच्या श्रावणातल्या एका रविवारी वसुंधराबाई माझ्यापुढे येऊन थांबल्या. नवीन पनवेलच्या कॉलनीत राहणाऱ्या. सोबत त्यांची आठ वर्षांची मिताली. दर रविवारी दोघी रानातली झाडं ओळखायला निघायच्या. बाबा, म्हणजे चारुदत्त, कधीच नसायचे. ते म्हणत, "गवत बघायला काय जायचं?"

मितालीला ते गवत वाटत नव्हतं. "हा कुर्डू, हा टाकळा, हा आघाडा," असं भराभर म्हणत ती आली आणि मला बघायला खाली वाकली.

"आई, हे फूल उलटं का आहे?"

"उलटं नाही गं, त्याची तशीच रीत. ही कळलावी. कळ म्हणजे भांडण नाही हं, बाळ व्हायच्या वेळी आईच्या पोटात येते ती कळ. पूर्वी त्यासाठी हिचा कंद वापरायचे. पण विषारी असतो तो, म्हणून नुसतं बघायचं."

"हिला दुसरं नाव नाही?"

"आहे. अग्निशिखा."

"मग तेच म्हणूया. छान आहे."

"नको. जिचं जे नाव आहे ते घ्यावं माणसानं. लोक नावं ठेवतात म्हणून आपण कशाला बदलायचं?"

आजवर माझी बाजू घेऊन कोणी बोललं नव्हतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात बातमी आली, शेतावर भराव पडणार, इमारती होणार. मितालीनं हट्टच धरला, "आई, तिला घरी नेऊ. नाहीतर ती मरेल." रंभाबाईनं कुपणातली जागा दाखवली, पण तिचं मन कचरत होतं.

"घरान नको नेव बाय. कळलावी हाय ती. दोन मान्सांन कळ लावते."

वसुंधराबाई नुसत्या हसल्या. मितालीनं आईच्या देखरेखीखाली, हाताला पिशवी बांधून मला उकरलं आणि बाल्कनीतल्या कुंडीत लावलं.

आता नीट ऐका, कारण हे मितालीला कोणी सांगितलं नाही. मला कोंबसुद्धा फुटला नव्हता, तेव्हाच त्या घरात अबोला होता. "मिताली, बाबांना सांग, जेवण वाढलंय." "मिताली, आईला विचार, माझा निळा शर्ट कुठाय." दोघंही एकाच खोलीत बसलेले असायचे. पोर इकडून तिकडे निरोप पोचवायची आणि तिला तो खेळ वाटायचा. मी मातीखाली पडून सगळं ऐकत होते. ती कळ माझ्या फार आधीची होती.

पावसाळ्यात मी बाल्कनीच्या गजांना धरत वर चढले. मिताली शाळेतून आली की दप्तर न काढताच माझ्याकडे यायची. एकदा तिची वाळत टाकलेली रिबीन मी पानाच्या टोकानं धरली, तर ती ओरडली, "आई, हिनं माझी रिबीन धरली!" माझ्या आयुष्यात तेवढे दोन महिने सुखाचे गेले.

श्रावणात मी फुलले आणि नेमक्या त्याच आठवड्यात आजी आल्या, चारुदत्तच्या आई. मनाच्या वाईट नव्हत्या, पण बोलून जायच्या.

"अगं बाई! कळलावी? ही कोणी आणली घरात?"

"मी," मिताली मोठ्या अभिमानानं म्हणाली.

"म्हणूनच!" आजी पुटपुटल्या आणि आत गेल्या.

मितालीच्या चेहऱ्यावरचं हसू कसं विझलं, ते मी पाहिलं. नंतर पंधरा दिवसांतच चारुदत्तनं बडोद्याला बदली मागून घेतली आणि ते एकटेच निघाले. बॅग घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मितालीनं विचारलं, "बाबा, आईला काय सांगू?" ते वळले आणि जिना उतरू लागले. जिन्यावरचे त्यांचे बूट खालपर्यंत ऐकू येत राहिले.

दुसऱ्या दिवशी वसुंधराबाई आतल्या खोलीत पडून होत्या. मिताली उलथनं घेऊन बाल्कनीत आली. मी गजांना घट्ट धरलं होतं. तिला मला ओढून तोडता आलं असतं, पण झाडाला दुखवायचं नाही ही आईची शिकवण. एकेक टोक अलगद सोडवत ती रडत होती. एवढ्या मायेनं मला कोणी घराबाहेर काढेल असं वाटलं नव्हतं.

शेतावर भराव अजून पडायचा होता. दुधाच्या पिशवीत घालून तिनं मला कुपणाशी आणलं, खड्ड्यात ठेवलं आणि वाकून म्हणाली, "तू परत आलीस ना? आता बाबांना पण परत पाठव."

रंभाबाई बांधावरून धावत आली. "काय झाला गो पोरी?"

"बाबा गेले. मी हिला घरी नेलं म्हणून." एवढं बोलून ती पळत सुटली.

रंभाबाई मागून हाका मारू लागली, "अगो, थांब! जलमभर माज्या कुपानाव हाय ती, माजा घर कुठं मोडला? मी उगाच बोल्ली गो!" पण मिताली रस्त्याला लागली होती. तिच्यापर्यंत ते पोचलं नाही.

बाबांना परत पाठवणं माझ्या हातात कुठे होतं? पण दोन पावसाळे मी त्या वाटेकडे डोळे लावून होते. बाबा आले नाहीत आणि मितालीही आली नाही.

मग डंपर आले. मुरूम पडला, कुपण गेलं, रंभाबाईचं शेत गेलं. माझा एक तुकडा कडेला वाचला. आज मी एका सोसायटीच्या भिंतीलगत उगवते, तारेच्या जाळीला धरून. वॉचमन दरवर्षी गवताबरोबर मला कापतो, मी दरवर्षी येते.

त्या गोष्टीला दहा वर्षं झाली. यंदाच्या श्रावणात कॉलेजच्या दोन मुली इथून चालल्या होत्या. एकीचा चेहरा बघितला आणि मी ओळखलं. तेच कपाळ, तीच भराभर चाल. मिताली!

तिची मैत्रीण थांबली. "ए, हे फूल बघ ना! काय भारी आहे! तुझी आई झाडांचं सगळं सांगते ना, तुला माहीत असेल. नाव काय गं याचं?"

मिताली माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. मी माझ्या सगळ्या पानांनी ऐकत होते.

"माहीत नाही," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."

जाताना तिची ओढणी माझ्या पानाच्या टोकात अडकली. मागे न बघता तिनं ती अलगद सोडवून घेतली, पान तुटू न देता.

मिताली, ती कळ माझी नव्हती गं. तुझीही नव्हती.