सहाचा भोंगा

आईला रुग्णालयात सगळे ‘भोंगा’ म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. तिथल्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं काढली. ती खाली चहा उकळताना कुणावर ओरडली की वरच्या मजल्यावरचा पेशंट कूस बदलायचा. तिची पाळी पहाटे पाचची. नवरा अकाली गेलेला, घरी तीन पोरं अंथरुणात लोळत पडलेली, त्यांना शाळेसाठी उठवणार कोण? मग बरोबर सहाच्या ठोक्याला ती स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून घरी फोन लावायची. तिघांनी एकेक करून रिसीव्हर कानाला लावायचा. उठलास का, पाणी प्यायलास का, दप्तर भरलंस का. खोटं बोललेलं तिला आवाजावरून कळायचं. मुख्य आचारी कुरकुर करायचा, पण भोंग्याच्या नादी कोण लागतंय?

पोरं मोठी झाली, चार दिशांना पांगली, तरी सहाचा फोन काही सुटला नाही. पुढे त्यात नातवंडांची भर पडली. मधल्याच्या जुळ्यांकडून ती फोनवर पाढे म्हणून घ्यायची, धाकट्याच्या लेकीला कोडी घालायची. ती पोर तर तिचा जीव की प्राण. आणि तिच्यावरूनच सगळं बिनसलं. कमी मार्क पडले म्हणून धाकट्यानं पोरीच्या मुस्काटात मारली, तीही आईच्या देखत. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात त्याचे सासू-सासरे बसलेले, त्यांच्यासमोर तिनं त्याला असा झापला की त्याला तोंड लपवायला जागा उरली नाही. ‘पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नकोस,’ एवढंच तो बोलला. त्यानंतर दोन वर्षं त्यानं आईचा फोन उचलला नाही.

आईनं मात्र एक दिवस चुकवला नाही. शेवटच्या आजारात नाकात नळी असताना ती थोरल्या लेकीकडून, म्हणजे ताईकडून, आपला मोबाइल मागून घ्यायची. सहाला धाकट्याचा नंबर लावायची, वाजून वाजून बंद पडेपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, ‘उठला असेल.’ हे बघताना ताईला भावाचा असा संताप यायचा की विचारू नका.

आई गेली तेव्हा तो आला. चपला न काढता दारात उभा राहिला आणि तसाच निघून गेला. ताईनं त्याच दिवशी ठरवलं, याला फोन उचलायला लावल्याशिवाय मी काही स्वस्थ बसत नाही. आई गेली, आता हा भाऊही असाच हातचा जायचा? दुसऱ्या दिवसापासून तिनं आईच्याच फोनवरून, सहाच्या ठोक्याला, दोघा भावांना फोन लावायला सुरुवात केली.

मधला पहिल्या दिवशी भडकला. आईचं नाव बघून छातीत धस्स झालं म्हणाला, तुला काही काळवेळ आहे की नाही. पण आठवडाभरात त्याचं नाक मुरडणं थांबलं आणि तो जुळ्यांनाही फोनवर बोलवायला लागला. धाकट्याकडे नुसती रिंग वाजायची. दहा दिवस, वीस दिवस, महिना. ताईही आईचीच लेक, तिनं पिच्छा सोडला नाही.

ताईचं चष्म्यांचं छोटंसं दुकान होतं. एके दुपारी तिथं भावजय आली, धाकट्याच्या चष्म्याची काडी निखळली होती म्हणून. ताईनं चष्मा हातात घेतला आणि बारीक पेचकसानं स्क्रू बसवता बसवता जी सुरू झाली, ती थांबेना. काय दगडाचं काळीज आहे का तुझ्या नवऱ्याचं, आई गेली तरी रुसवा संपत नाही, वगैरे वगैरे.

“ताई, ते पावणेसहालाच उठतात,” भावजय शेवटी म्हणाली. “फोन समोर ठेवून बसतात. वाजला की त्यावर आईंचं नाव येतं. वाजायचा थांबेपर्यंत त्या नावाकडे बघत राहतात.”

“मग उचलायला काय होतं?”

“उचलला तर तुमचा आवाज येईल ना.”

ताईच्या हातातला स्क्रू घरंगळून कुठं गेला कोण जाणे. दोघी मिळून फरशीवर शोधत बसल्या, आणि खाली वाकल्या वाकल्या ताईला रडू कोसळलं. आपण महिनाभर भावाला दगड समजत होतो, आणि तो रोज सकाळी आईला भेटत होता. पण रडून झाल्यावर तिचा हट्ट काही मावळला नाही. उलट तो आणखी पक्का झाला. तिनं दुसरा स्क्रू काढला, काडी बसवली, काच पुसली आणि चष्मा भावजयीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सहाला तिनं आईच्या फोनवरून धाकट्याला फोन लावला. तो वाजून बंद पडू दिला. मग स्वतःचा फोन उचलला आणि त्यावरून लावला. चौथ्या रिंगला त्यानं उचलला.

“एकदा जरी उचलला असता, तर काय बोलली असती ती?” त्यानं विचारलं.

“शिव्या घातल्या असत्या. दोन वर्षांच्या साठलेल्या.”

तो हसायला गेला आणि हसता हसता हमसून रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, नाक ओढत. ताईनं त्याची समजूत घातली नाही. तुझं काही चुकलं नाही असंही म्हणाली नाही, कारण ते खोटं झालं असतं. तो थांबेपर्यंत ती फोन कानाला लावून बसली.

“उद्यापासून तो फोन बंद करणार का तू?” त्यानं घाबरत विचारलं.

“नाही. सहाला तिचा येईल. तो वाजू दे, बघत बस हवा तेवढा,” ताई म्हणाली. “सहा वाजून दोन मिनिटांनी माझा येईल. तो उचलायचा.”