वाळूतली खुर्ची

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने ड्रायव्हरकाकांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, गळणारे नळ दुरुस्त केले आणि शेवटी काकूंच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार लावायला घेतले. त्या दिवशी काकूंनी हात जोडले.

"अहो, जन्मभर बस चालवलीत, आता माझं घर चालवू नका. कुठेतरी कामाला लागा."

योग असा, की समुद्राकाठच्या राष्ट्रीय उद्यानात हंगामी माणसं हवी होती. वर्षातले बरेच महिने तिथे वाऱ्याशिवाय कोणी फिरकत नाही. पण उन्हाळा लागला की माहिती केंद्राचं दार उघडतं, कँटीनचं शटर वर जातं, गावातून उद्यानाची बस सुरू होते, पाय धुवायच्या नळांना पाणी येतं आणि किनाऱ्यावर लाइफगार्डचं उंच मचाण उभं राहतं. काकांना माहिती केंद्राची मागची खिडकी मिळाली. दुर्बिणी, पोहण्याची जॅकेटं, छत्र्या असं काय काय लोकांना दिवसभर वापरायला द्यायचं आणि संध्याकाळी वाळू झटकून परत घ्यायचं, हे त्यांचं काम.

त्या खोलीच्या कोपऱ्यात एक खुर्ची होती. फुग्यासारखी जाडजूड पिवळी चाकं, कापडी बैठक, मागे ढकलायला दांडा. ज्यांना वाळूत चालता येत नाही त्यांनी हिच्यात बसून थेट पाण्यापर्यंत जावं, अशी सोय. दारावर तिचं मोठं चित्रही लावलं होतं. पण हंगाम उतरणीला लागला तरी तिला कोणी हात लावला नव्हता. वयस्क माणसं यायची, चित्राकडे बघायची आणि 'आम्हाला काय धाड भरलीय?' अशा चेहऱ्याने बाकावर जाऊन बसायची. काका मात्र रोज सकाळी तिच्या चाकांत हवा भरायचे, फडकं मारायचे. इतकी वर्षं भरलेल्या गाड्या हाकल्या आणि आता हाती आली ती जागची न हलणारी, याचं त्यांना मनातून वाईट वाटायचं.

घरी त्यांनी एकदा विषय काढून पाहिला होता. काकूंच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. काठी टेकत त्या बाजारात जायच्या, दवाखान्यात जायच्या. पण वाळूत काठी रुतते, म्हणून समुद्रावर जाणं सुटलं ते सुटलंच.

"आमच्याकडे एक खुर्ची आहे," काका म्हणाले.

"असू दे. मला ढकलत नेताना चार लोकांनी बघितलं तर म्हणतील, हिचं आटपलं. आणि समुद्र काय, बघितलाय मी. पाणीच तर असतं."

तिथे विषय मिटला. तो उकरून काढला ताईंनी.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. चार पावलं चालल्या की धाप लागायची, पण बोलताना कधी लागलेली कोणी पाहिली नव्हती. त्या आठवडाभर राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ऑफिस बघायचंय."

काकूंनी परोपरीने सांगितलं की तिथे उन्हाशिवाय काही नाही. पण ताईंपुढे कोणाचं काय चालणार? तिघं उद्यानाच्या बसने गेली. बस पार्किंगच्या टोकाशी थांबली. तिथून किनाऱ्याकडे लाकडी फळ्यांची पायवाट होती आणि ती जिथे संपते तिथे सावलीतला बाक. काकू बाकावर बसल्या, काठी मांडीवर घेतली आणि "झालं, बघितला," म्हणाल्या.

ताई उभ्याच होत्या. समोर पांढरी वाळू, आणि ओहोटीने पाणी लांब गेलेलं. "एवढं लांब? मी नाही बाई चालणार."

काकांनी संधी साधली. आत गेले आणि खुर्ची ढकलत बाहेर आले. ताईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बैठक दाबून पाहिली आणि सरळ बसल्या.

"ताई! अगं, लोक बघतायत," काकू कुजबुजल्या.

"बघू देत. त्यांना तरी दुसरं काय काम आहे? चला भाऊजी, स्टँड सोडा!"

काकांनी दांडा धरला. पहिली दोन पावलं जड गेली, मग जाडी चाकं वाळूवर अशी सरकायला लागली की त्यांनाच नवल वाटलं. ताई राणीच्या थाटात हात हलवत निघाल्या.

काकू बाकावरून बघत राहिल्या. त्यांचा नवरा आणि त्यांची बहीण लहान लहान होत पाण्याशी पोचली. मग उजवीकडे वळली. तिथे दोऱ्या बांधून किनाऱ्याचा एक तुकडा बंद केला होता, कारण तिथे पक्ष्यांनी वाळूत अंडी घातली होती. दोरीपासून बऱ्याच अंतरावर दोघं थांबली. ताईंनी डोळ्यांना दुर्बीण लावली. काही तरी बोलल्या. आणि मग दोघंही हसायला लागली. साधं हसणं नव्हे, काका दांड्याला धरून वाकले होते. इतक्या लांबून आवाज येत नव्हता, नुसतं हसणं दिसत होतं. काकूंना आठवेना, आपला नवरा इतका वाकून शेवटचा कधी हसला होता. त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

खुर्ची परत आली तेव्हा ताईंचे पाय ओले होते आणि चेहरा फुललेला.

"एवढं काय होतं गं हसण्यासारखं?" काकूंनी विचारलं.

"ते तिथे गेल्यावरच कळतं."

"सांग ना."

"नाही सांगता यायचं. भाऊजी, अजून एक फेरी मारू या का?"

"अजिबात नाही!" काकू काठी टेकून उभ्या राहिल्या. "उतर. नवरा माझा, गाडीही माझी. तू बस इथे बाकावर लोकांना बघत."

ताई मुकाट्याने उतरल्या. काकांना वाटलं, त्यांनी आपल्याकडे बघून डोळा मारला. पण त्यांनी नुसता दांडा धरला. इतक्या वर्षांच्या संसारात कधी गप्प बसायचं एवढं तरी ते शिकले होते.

काकू बसल्या त्या अंग चोरून, नजर खाली. वाळूत छत्र्यांखाली माणसं पहुडली होती. कोणी मान वळवून पाहिलं, कोणी नाही. एका बाईने सहज हात हलवला आणि काकूंचा हात आपोआप वर गेला. थोडं पुढे गेल्यावर त्या सैलावून मागे टेकल्या.

"आधी ते पक्षी दाखवा," त्या म्हणाल्या.

काकांनी दोरीपासून लांबच खुर्ची उभी केली, दुर्बीण दिली. काकूंना आधी नुसती वाळूच दिसली. मग वाळूचाच एक गोळा उठून पळायला लागला. मग दुसरा, तिसरा. काडीसारखे पाय असलेली पिल्लं लाट मागे गेली की तिच्यामागे तुरुतुरु धावत, आणि लाट उलटली की अशी जीव घेऊन पळत, की पाय दिसेनासे होत.

"ताई म्हणाल्या, त्यातलं ते सगळ्यात मागचं मी आहे," काका म्हणाले. "आणि लाट तू."

काकूंनी दुर्बीण खाली घेतली. रागवावं की काय, असं क्षणभर वाटलं असेल. पण तेवढ्यात ते मागचं पिल्लू दचकून पुन्हा पळालं आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"चला, आता पाण्यात," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा त्यांनी पावलं वाळूत दाबून धरली. पायांखालची वाळू निसटते ते त्या विसरूनच गेल्या होत्या. काका मागे दांडा धरून उभे होते.

"आपली लेक पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा रडली होती, आठवतं?" काकू म्हणाल्या.

"रडली तू होतीस. ती तर बाहेर यायला तयार नव्हती."

"असेल. अजून थोडं पुढे घ्या."

काकांनी थोडं पुढे घेतलं. मग अजून थोडं. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं आणि त्यांचे ते कुरकुरणारे गुडघे इतके हलके वाटले की काकूंनी पाय पुढे-मागे हलवून पाहिले. "अजून," त्या म्हणाल्या. तेवढ्यात एक थोराड लाट आली, चाकं वाळूवरून सुटली आणि खुर्ची होडीसारखी डुलायला लागली. दांडा सोडायचा नाही एवढंच काकांच्या डोक्यात. त्या नादात त्यांचा पाय घसरला आणि ते गणवेशासकट पाण्यात बसले. दांडा मात्र हातातच.

मचाणावरून शिट्टी वाजली. लाइफगार्ड बाई धावत आली, खुर्ची धरली आणि ओरडली, "काका! गुडघ्याच्या वर न्यायची नाही! पाटी तुम्हीच लावलीत ना?"

"सॉरी मॅडम," काका तोंडातलं खारं पाणी थुंकत म्हणाले.

"त्यांना बोलू नकोस गं," काकू म्हणाल्या. एका हाताने त्यांनी काकांची कॉलर धरून ठेवली होती. "ड्रायव्हर चांगला आहे. पॅसेंजरच ऐकत नव्हता."

केंद्रप्रमुख बाईंनी हे सगळं माहिती केंद्राच्या खिडकीतून पाहिलं होतं. काका निथळत परत आले तेव्हा त्यांना वाटलं, आता नोकरी जाते. बाईंनी त्यांना टॉवेल दिला. "पुढच्या वेळी ओहोटीच्या उथळ पाण्यातच थांबा," एवढंच म्हणाल्या, आणि मग, "तुमच्या मागे दोघं जण उभे आहेत, खुर्ची मागतायत."

खरंच उभे होते. एक काठीवाले आजोबा आणि त्यांचा जावई. दोन म्हाताऱ्या बायका पाण्याकाठी हसताना सगळ्या किनाऱ्याने पाहिल्या होत्या. आता लाजायचं कोणी आणि कोणाला? त्या दिवसापासून खुर्ची कोपऱ्यात टेकली नाही. ताई आपल्या घरी गेल्या, पण काकू दर सुट्टीला डबा घेऊन उद्यानाच्या बसने यायच्या आणि रांग बघून वैतागायच्या.

"अहो, तुमची बायको म्हणून आधी नंबर नाही का?"

"नाही," काका म्हणायचे. "तिकडे बस, बोलावतो."

आणि काकू बाकावर बसायच्या. तिथे बसून त्यांच्या ओळखी झाल्या. काठीवाले आजोबा, त्यांची लेक, कँटीनवाली. पुढे पुढे तर नंबर लागला तरी गप्पा संपेपर्यंत त्या उठायच्या नाहीत.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी वारा सुटला होता. कँटीनवाल्यांनी स्टुलं एकावर एक रचली, नळांतलं पाणी सोडून पाइप रिकामे केले. पिल्लं उडून गेली होती, त्यामुळे दोऱ्याही काढल्या. लोक फार नव्हते. काकूंना त्या दिवशी हवा तितका वेळ खुर्ची मिळाली. ओहोटीच्या घट्ट वाळूवरून काकांनी त्यांना किनाऱ्याच्या टोकापर्यंत नेलं, जिथे एरवी जाताच येत नसे. तिथे दोघांनी वाऱ्याकडे पाठ करून उकडलेली अंडी आणि पाव खाल्ला.

निघताना केंद्रप्रमुख बाईंनी विचारलं, "काका, पुढच्या उन्हाळ्यात याल ना?"

काकांनी तोंड उघडायच्या आधीच काकू बोलल्या, "येतील. आणि एक खुर्ची अजून मागवा हो. एक पुरत नाही."

बाई हसल्या आणि म्हणाल्या, तशी मागणी त्यांनी वर कळवलीच आहे. पार्किंगमधून बसचा हॉर्न ऐकू आला. काकांनी खिडकीचं कुलूप ओढून पाहिलं, काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं फळ्यांवरून सावकाश बसकडे निघाली.