पुढची पाळी फ्रोसूची

होय, इथून, चुलीवरूनच बोलतोय. मी एक तांब्याचा हंडा. माझ्या पोटात आत्ता शेळीचं दूध कोमट होतंय, त्यामुळे आवाज जरा घुमतो. सांभाळून घ्या.

माझा जन्म सायप्रसच्या राजधानीतला, तांबटांच्या गल्लीतला. घडताना इतके ठोके खाल्ले की पुढे आयुष्यानं घातलेल्या घावांचं मला फारसं काही वाटलं नाही. फ्रोसूच्या बापानं लेकीच्या लग्नात मला आंदण दिलं. सासरी जाताना मी गाढवावर बसून गेलो आणि नवरदेव पायी चालत होता. हे मी येईल त्याला ऐकवतो.

गाव मिश्र होतं. देवळाची घंटा ग्रीकांची, बांग तुर्कांची, आणि शेळ्या सगळ्यांच्याच. एका घरच्या दुधात हलुमी होत नसे. हलुमी म्हणजे आमच्याकडचं पुदिना घातलेलं खारं चीज. म्हणून गल्लीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. आज सगळ्यांचं दूध हिच्या घरी, उद्या तिच्या. जिची पाळी तिच्या अंगणात माझा मुक्काम, आणि पुढची पाळी जिची तिनं स्वतः येऊन मला न्यायचं. शेजारच्या तुर्क एमेतेनंतर पाळी यायची फ्रोसूची.

प्रत्येकीचं दूध माझ्यात ओतलं की फ्रोसू तिची खुणांची काठी बुडवून मोजायची. मग रोजचं ठरलेलं.

"एमेते, बोटभर कमी आहे."

"कमी नाही गं भवाने! तुझी काठीच रोज वाढते."

"काठी वाढत नाही, तुझा हात आखडतो!"

एवढं झाल्याशिवाय दोघींनाही चैन पडत नसे. मला तर ते ऐकल्याशिवाय दूध तापेल असं वाटतच नसे.

चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात एका सकाळी एमेतेची पाळी होती. फ्रोसू काठी घेऊन आली आणि मोजणार तोच तिचा नवरा धापा टाकत दारात. "तुर्कस्तानचं सैन्य आलंय, चल!" ग्रीकांची घरं भराभरा रिकामी होत होती. फ्रोसू होती तशी निघाली, कमरेला फडकं आणि हातात काठी. दारातून एकदा वळून पाहिलं, बस्स.

एमेते फाटकापर्यंत तिच्यामागे धावली. पण दूध कुणासाठी थांबत नाही. तिनं डोळे पुसत हलुमी केली. त्यानंतर माझ्यात कुणी थेंबभर दूध ओतलं नाही.

बेटाच्या मधोमध काटेरी तार आली, ग्रीक तिकडे, तुर्क इकडे. इकडे ओस घरांतली भांडीकुंडी लोक उचलून नेऊ लागले. एमेतेनं मला बाहेरून तेल-काजळी फासली आणि कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात उपडं घातलं. माझ्या पाठीवर कोंबड्या बसू लागल्या. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

पण कल्हईवाला आला की ती मला उताणा करायची आणि आतून कल्हई करून घ्यायची. दर वर्षी. तिचा मुलगा इझ्झेत मोठा झाला तसा वैतागू लागला.

"आई, वापरत नाहीस तर कल्हई कशाला? भंगारात घाल ना. चीज आता कारखान्यात होतं, पिशवीतून मिळतं."

"पुढची पाळी फ्रोसूची आहे. ती येऊन नेईल."

"अगं, ती तारेपलीकडे आहे!"

"असेल. तिची पाळी इथे आहे."

मुलापुढे अशी ठणकावून बोलणारी एमेते एकटी असली की माझ्याशेजारी बसायची. "ती मला चोर समजत असेल का रे?" विचारायची. मी काय सांगणार? मलाही तीच धास्ती होती. आणि भंगारवाल्याची गाडी गल्लीत वाजली की माझे कान, म्हणजे दोन्ही कड्या, थरथरायच्या.

मग जवळजवळ तीस वर्षांनी, एका वसंतात तारेवरचे नाके उघडले. रांगा लावून माणसं आपापली जुनी घरं बघायला येऊ लागली. एमेते रोज उंबऱ्यावर. एका दुपारी फाटकाशी एक म्हातारी आली, सोबत तिची लेक लुकिया. चालण्यावरूनच मी ओळखली, माझी फ्रोसू! आधी स्वतःच्या घरी जाऊन आली होती. तिथल्या अनोळखी माणसांनी कॉफी दिली, पण कप तसाच ठेवून ती उठली होती.

तिची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा उतरला. "माझ्या हंड्याची ही दशा? कोंबड्या?"

माझा जीव टांगणीला लागला. मग एमेतेनं कोंबड्या हुसकावल्या, मला दोन्ही हातांनी धरून उलटवलं, आणि ऊन थेट माझ्या पोटात शिरलं. कल्हई अशी लखलखली की फ्रोसूला तिचं तोंड दिसलं.

"ही... ताजी आहे?"

"दर वर्षी केली. किती उशीर केलास गं! तुझी पाळी केव्हाची आलीय."

फ्रोसू माझ्याशेजारी बसली आणि माझ्या काठावर डोकं टेकून रडली. मलाही हायसं वाटलं, इतकं की काय सांगू. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून काठी काढली. तीच.

"घर गेलं, फोटो गेले आणि काठी तेवढी जपलीस, असे मी आईला जन्मभर टोमणे मारले," लुकिया म्हणाली.

इझ्झेत मला लुकियाच्या गाडीत ठेवायला पुढे झाला. फ्रोसूनं त्याला थांबवलं. "माझं घर तिसऱ्या मजल्यावर, चूल गॅसची. तिथे हा शोभेची वस्तू होईल. माझी पाळी इथेच होऊ दे. एमेते, दूध आण."

दूध आलं. कितीतरी वर्षांनी ओलावा लागला, अंग शहारलं. फ्रोसूनं काठी बुडवली, वर काढली, खूण बघितली.

"एमेते, बोटभर कमी आहे."

एमेते कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "इतक्या वर्षांनी आलीस आणि आल्या आल्या तेच? काठीच वाढलीय तुझी, सटवे!"

"तुझा हात आखडलाय!"

आणि दोघी हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

तर वाचकहो, आता मला कामाला लागू द्या. हलुमी शिजायची आहे आणि नाका बंद व्हायच्या आत फ्रोसूला परतायचं आहे. वाटेत भंगारवाला भेटला तर सांगा, हंडा रिकामा नाही. पुढच्या रविवारी पाळी कुणाची, यावरून दोघींची आत्ताच जुंपली आहे.