सत्तावीस अंश
डॉक्टरीणबाईंचा एक नियम होता, आणि शिकाऊ डॉक्टरांच्या डोक्यात तो त्या दरवर्षी हातोडीने ठोकत: मृत्यूची वेळ तोंडी सांगायची नाही. जे सांगायचं ते कागदावर, सहीनिशी. आणि काल संध्याकाळी स्वतःच काय केलं? पोलीस ठाण्यातल्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, नुसता अंदाज सांगा हो," आणि बाई बोलून गेल्या, "रात्री नऊ ते अकरा." झालं! तासाभरात साहेबांनी त्या अंदाजावर एका बाईला कोठडीत टाकलं.

ती बाई म्हणजे म्हाताऱ्याला सांभाळणारी मावशी. पक्षाघाताने आजोबांना गिळताना त्रास व्हायचा, म्हणून पातळच द्यायचं अशी सक्त ताकीद होती. काल सकाळी आठला ते बिछान्यात मेलेले सापडले. शवविच्छेदनात श्वासनलिकेत बिस्किटाचा ओला, चिकट गोळा निघाला. घास अडकून गुदमरले, यात तिळमात्र शंका नव्हती. मावशी रात्री अकराला घरी गेली होती. म्हणजे हिनेच आळस करून बिस्किट कोंबलं, म्हातारा गेला, आणि ही पांघरूण घालून गुपचूप सटकली, असं साहेबांचं म्हणणं. मावशी शपथा घेत होती, "नऊ वाजता सूप पाजलं, वाटीभर. बिस्किट मी हातातसुद्धा घेतलं नाही." तिचं कोण ऐकतंय!

आता दुपारचे अडीच वाजले होते. पाचला मावशीला कोर्टात उभं करायचं होतं आणि चारपर्यंत साहेबांना कागद हवा होता. कागद समोर तयार होता. नुसती सही बाकी. आणि बाईंच्या हातून पेन उचललं जात नव्हतं.

घोडं पेंड खात होतं ते म्हाताऱ्याच्या पोटापाशी. पोट रिकामं होतं. अगदी धुतल्यासारखं. नऊला वाटीभर सूप प्यायलेला माणूस दहाच्या सुमाराला मेला, तर ते सूप गेलं कुठे? एवढ्यात पोटाबाहेर पडणं कठीण. काल बाईंनी स्वतःची समजूत घातली होती, की मावशी खोटं बोलत असेल, पाजलंच नसेल. पण समजूत घालणं आणि समजणं यांत फरक असतो, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

त्यांनी पुन्हा आकडे काढले. सकाळी साडेदहाला प्रेताचं आतलं तापमान साडेएकतीस. खोलीचं सत्तावीस. कपातला चहा उबेत हळू निवतो, थंडीत झटकन, माणसाचंही तसंच. सत्तावीस अंशांच्या खोलीत सुकड्या म्हाताऱ्याचं अंग इतकं निवायला बाराएक तास हवेत. म्हणजे पुन्हा रात्रीचे दहाच. आकडा काही हलेना. हलेल कसा, तो त्यांनीच मोजला होता!

"येऊ का मॅडम?" दारातून आवाज आला आणि पाठोपाठ दिवा विझला. तपासणीला पाठवायच्या बरण्यांचे कागद घेऊन हवालदार आला होता. ठाण्यात त्याला सगळे बटणराव म्हणत. कुठेही शिरला की आधी भिंतीकडे बघायचा आणि चालू दिसेल ते बंद करायचा. एकदा म्हणे त्याने साहेब आत असताना न्हाणीघरातला दिवा घालवला होता.

"अहो, मी वाचतेय ना!" बाई खेकसल्या.

"खिडकीतून उजेड आहे की चांगला." त्याने नाखुशीने दिवा परत लावला. "लोकांना विजेची किंमतच नाही बघा. काल त्या म्हाताऱ्याकडे तर कमाल! मी साडेआठला पोचलो. दार लोटलं तर आत नुसतं हिमालयात आल्यासारखं. एसी घणघणतोय! आता मेलेल्या माणसाला कसला आलाय उकाडा? आधी तो बंद केला, मग खिडक्या सताड उघडल्या. तुम्ही येईस्तोवर खोली कशी माणसात आली."

बाईंनी कागदावरच्या सत्तावीसवर बोट ठेवलं.

"बटणराव, हे तुम्ही मला काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

खरंच होतं. विचारलं नव्हतं. एवढी वर्षं या कामात घालवून त्यांनी उघड्या खिडकीच्या खोलीत थर्मामीटर धरला, आकडा लिहिला, आणि ही खोली रात्रभर अशीच होती का, हा एक साधा प्रश्न त्यांना सुचला नाही. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्या चुकीपायी एक बाई कालपासून कोठडीच्या फरशीवर बसली होती.

"एसी कितीवर होता?"

"ते कोण बघतंय? बटण दिसलं, दाबलं."

तीन वाजून दहा मिनिटं. बाईंनी म्हाताऱ्याच्या मुलीला फोन लावला, तर ती रुग्णालयातच निघाली, प्रेत कधी मिळणार हे विचारायला बाहेर बाकावर बसलेली. बाईंनी तिला आत बोलावलं. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले. मावशीवर तक्रार हिनेच दिली होती.

"वडिलांच्या खोलीतला एसी कितीवर असायचा?"

"अठरावर. उन्हाळा असो, पावसाळा असो. उकडतं म्हणून जीव खायचे. गारवा जाऊ नये म्हणून दारही घट्ट लावायला लावायचे." तिला रडू आलं. "का हो?"

बाईंनी कागद पुढे ओढला. सकाळी साडेआठपर्यंत अठरा, पुढे सत्तावीस घालून आकडे मांडले. खात्रीसाठी दोनदा मांडले. बारा तासांचे पावणेसात तास झाले. रिकाम्या पोटाचं कोडंही सुटलं. सूप केव्हाच पुढे सरकलं होतं. मावशी खरं बोलत होती.

"ताई," बाई म्हणाल्या, "कालची वेळ चुकली, चूक माझी आहे. तुमचे वडील रात्री दहाला गेले नाहीत. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान गेले. तेव्हा मावशी घरात नव्हती."

 मुलीचा चेहरा असा उतरत गेला, की बटणरावाने न सांगता खुर्ची पुढे केली.

"चारला त्यांनी हाक मारली," ती म्हणाली. "भूक लागली म्हणाले. सूप गरम करते म्हटलं तर लहान मुलासारखे रुसले. एक बिस्किट दे, एकच. मावशीला सांगू नकोस. मी अर्धं मोडून दिलं. तोंडात धरून हसले माझ्याकडे बघून. मी दार लावून झोपायला गेले." ती खुर्चीत बसली. "मला वाटलं ते तोंडात विरघळलं असेल. खरंच वाटलं हो. आणि तो गोळा निघाल्याचं कळल्यावर मावशीला तोंडावर म्हटलं, तूच मारलंस. साहेब दहाची वेळ सांगत होते, तरी चारचं बोलले नाही."

 बाईंना तिची दयाही आली आणि रागही, आणि कुठल्याला आधी जागा द्यावी हे कळेना.

"दार उघडं असतं तर मला ऐकू आलं असतं का?"

"घास अडकला की आवाज फुटत नाही. शेजारच्या खोलीत तुम्ही जाग्या असतात, तरी ऐकू आलं नसतं." हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच बाई सांगू शकल्या.

"हे कागदावर लिहायलाच हवं का?"

"वेळ मी लिहिणार, आणि माझी चूकही लिहिणार. बिस्किटाचं मला लिहिता येत नाही, ते मी पाहिलेलं नाही. पण मावशीला दोन तासांत कोर्टात उभं करणार आहेत."

बाईंनी सत्तावीसवर रेघ मारली, बाजूला सही केली, खाली कारण लिहिलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला. साहेबच. बाई हात पुढे करणार, तोच मुलीने फोन उचलला.

"काय मॅडम, झाला का कागद? नऊ ते अकराच ना?" साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

मुलीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"मुलगी बोलतेय त्यांची," ती म्हणाली. "मावशींना सोडा. बिस्किट मी दिलं."